मिलवॉकीचे व्हाउचर: कृष्णवर्णीय मुलांसाठी सरकारी शाळा की खासगी, आणि निवड कोणाच्या हाती

विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकी शहरात सप्टेंबर १९९० मध्ये सुमारे ३४० मुले सात खासगी शाळांत दाखल झाली आणि त्यांची फी राज्य सरकारने भरली. सरकारने खासगी शाळेची फी भरण्याच्या या सोयीला ‘व्हाउचर’ म्हणतात. ही सगळी मुले गरीब घरांतली होती आणि त्यांतली बहुसंख्य कृष्णवर्णीय होती. त्याच वेळी शहराच्या सरकारी शाळांत नव्वद हजारांहून अधिक मुले शिकत होती, त्यामुळे संख्येच्या हिशेबाने हा प्रयोग नगण्यच म्हणावा लागेल. तरीही सरकारी पैशाने खासगी शाळेत शिकण्याचा विषय अमेरिकेत निघाला की आजही पहिले नाव मिलवॉकीचेच निघते. आधुनिक काळात एखाद्या मोठ्या शहरात राबवली गेलेली ही अशी पहिली योजना होती आणि ती मांडणाऱ्या आमदार स्वतः कृष्णवर्णीय होत्या.

शहराच्या उत्तर भागात राहणाऱ्या कृष्णवर्णीय पालकांपुढे तेव्हा नेमके कोणते पर्याय होते, ते कसे निर्माण झाले आणि पुढे ते वाढत गेले तसा त्यांच्या मुलांना काय लाभ झाला, हे या प्रकरणात तपासायचे आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. ‘सरकारी की खासगी’ या शब्दांत हा प्रश्न मांडला तो राजकारण्यांनी, न्यायालयांनी आणि अभ्यासकांनी. पालकांची मागणी त्याहून जुनी आणि पुष्कळ ठोस होती. शाळा घराजवळ असावी, तिथे आपल्या मुलाला नावाने ओळखणारे शिक्षक असावेत आणि तिच्या कारभारात आपल्या शब्दाला वजन असावे, एवढे त्यांना हवे होते.

बसमधून शाळेत आणि जेवायला परत

दक्षिणेकडील राज्यांतून कृष्णवर्णीय कुटुंबे मिलवॉकीत आली ती कारखान्यांतल्या कामासाठी. १९५० मध्ये शहरात कृष्णवर्णीयांची संख्या जेमतेम बावीस हजार होती. १९७० पर्यंत ती एक लाखाच्या वर गेली. मात्र घरे मिळत ती उत्तरेकडच्या ठरावीक वस्त्यांतच. घर घेताना किंवा भाड्याने देताना वर्णावरून भेदभाव करण्यास बंदी घालणारा कायदा शहराने करावा, यासाठी ऑगस्ट १९६७ पासून सलग दोनशे रात्री मोर्चे निघाले, आणि मेनोमनी नदीच्या खोऱ्यावरचा पूल ओलांडून गोऱ्यांच्या दक्षिण भागात शिरलेल्या मोर्चेकऱ्यांवर दगड आणि बाटल्या आल्या. मुलाचा पत्ता ज्या वस्तीतला, तिथलीच शाळा त्याला मिळत असल्याने घरांची फाळणी आपोआप शाळांची फाळणी होत होती.

त्या काळातली एक प्रथा मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण ती समजल्याशिवाय पुढच्या तीस वर्षांतला संताप कळत नाही. कृष्णवर्णीय वस्तीतल्या शाळा भरून वाहू लागल्या, तेव्हा प्रशासन तिथला अख्खा वर्ग शिक्षकासह बसमध्ये बसवून गोऱ्यांच्या शाळेत नेत असे. तिथे हा वर्ग वेगळ्याच खोलीत बसे, त्या शाळेच्या मुलांत मिसळत नसे, आणि दुपारी जेवणासाठी त्याला पुन्हा बसने मूळ शाळेत आणून जेवण झाल्यावर परत नेले जाई. मुलांना एकत्र बसू न देण्यासाठी एवढा खर्च आणि एवढा वेळ घालवण्याची सरकारी शाळांची तयारी होती. वकील आणि आमदार लॉइड बार्बी यांनी या धोरणाविरुद्ध १९६४ मध्ये शाळांवर बहिष्कार पुकारला, तेव्हा हजारो मुलांनी त्या दिवशी चर्चमध्ये भरवलेल्या ‘स्वातंत्र्य शाळां’त हजेरी लावली. पुढच्याच वर्षी बार्बी यांनी खटला भरला. जानेवारी १९७६ मध्ये न्यायाधीश जॉन रेनल्ड्स यांनी निकाल दिला की शाळा मंडळाने वर्णविभागणी जाणूनबुजून टिकवली आहे.

निकाल न्याय्य होता, पण त्याच्या अंमलबजावणीचे ओझे पडले ते ज्यांच्यासाठी तो लागला त्या मुलांवरच. गोऱ्या पालकांना आकर्षित करण्यासाठी कृष्णवर्णीय वस्तीतल्या काही चांगल्या इमारतींत खास अभ्यासक्रमांच्या शाळा काढण्यात आल्या आणि त्यांतल्या ठरावीक जागा गोऱ्या मुलांसाठी राखल्या गेल्या. परिणामी शेजारच्या गल्लीतल्या कृष्णवर्णीय मुलाला त्या शाळेत जागा मिळेनाशी झाली आणि तो बसने शहराच्या दुसऱ्या टोकाला जाऊ लागला. १९७९ मध्ये मंडळाने नॉर्थ डिव्हिजन हायस्कूलचीही अशीच खास अभ्यासक्रमाची शाळा करायचे ठरवले, म्हणजे नव्याने बांधलेल्या त्या इमारतीतून वस्तीतल्या मुलांनाच बाहेर पडावे लागणार होते, तेव्हा याच शाळेचे माजी विद्यार्थी हॉवर्ड फुलर यांच्या नेतृत्वाखाली लोक रस्त्यावर आले आणि मंडळाला माघार घ्यावी लागली.

या आंदोलनाचा रोख पाहण्यासारखा आहे. एका सरकारी शाळेसाठी लोक लढत होते, आणि ती आपल्या वस्तीची राहावी एवढीच त्यांची मागणी होती. १९८०च्या दशकाच्या अखेरीस फुलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नॉर्थ डिव्हिजनच्या आसपासच्या शाळांचा स्वतंत्र ‘शाळा जिल्हा’, म्हणजे स्वतःचा कारभार असलेला सरकारी शाळांचा विभाग, करण्याचा प्रस्ताव विधिमंडळात नेला. तोही अडला. सरकारी व्यवस्थेच्या आत राहून अधिकार मिळवण्याचे मार्ग असे एकेक करून बंद झाल्यावर मग खासगी शाळांचा विचार पुढे आला, हा क्रम नंतरच्या वादांत बहुतेकांनी नजरेआड केला.

पॉली विल्यम्स यांचा कायदा

अ‍ॅनेट ‘पॉली’ विल्यम्स यांचा जन्म मिसिसिपीतल्या बेलझोनी गावचा. त्याही नॉर्थ डिव्हिजनच्याच विद्यार्थिनी होत्या. चार मुलांना एकटीने वाढवलेल्या या बाई १९८१ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाकडून विधानसभेत गेल्या आणि कृष्णवर्णीय नेते जेसी जॅक्सन अध्यक्षपदासाठी उभे राहिले तेव्हा राज्यात त्यांच्या प्रचाराची धुरा त्यांनी वाहिली. त्यांची स्वतःची मुले अर्बन डे नावाच्या खासगी शाळेत शिकली होती.

अर्बन डे किंवा हरांबी यांसारख्या शाळांना ‘खासगी’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे भलतेच चित्र उभे राहते. गोरी कॅथलिक कुटुंबे उपनगरांत निघून गेली आणि उत्तर भागातल्या चर्चच्या शाळा १९६०च्या दशकाच्या अखेरीस बंद पडू लागल्या, तेव्हा तिथल्या पालकांनी त्या ताब्यात घेऊन स्वतंत्र सामुदायिक शाळा म्हणून चालवल्या. ‘हरांबी’ हा स्वाहिली शब्द ‘सगळ्यांनी मिळून ओढूया’ अशा अर्थाचा आहे. या शाळांत फी कमी असे, तरी ती भरणेही अनेकांना जड जाई, आणि पालकांना शाळेच्या कामात प्रत्यक्ष हातभार लावावा लागे. या ठरावीक शाळांना जगवावे आणि त्यांची दारे आणखी मुलांना उघडावीत, असा विल्यम्स यांचा हेतू होता.

त्यांनी मांडलेल्या कायद्यावर रिपब्लिकन राज्यपाल टॉमी थॉम्प्सन यांनी १९९० मध्ये सही केली. कुटुंबाचे उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या पावणेदोन पटींहून कमी असले पाहिजे, मूल आधीच खासगी शाळेत शिकत असता कामा नये, शाळा धार्मिक नसावी, आणि शहराच्या सरकारी शाळांच्या पटसंख्येच्या एक टक्क्याहून अधिक मुले योजनेत नसावीत, अशा अटी त्यात होत्या. जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर शाळेने सोडत काढायची होती आणि प्रत्येक मुलामागे मिळणारे २,४४६ डॉलर हीच पूर्ण फी मानायची होती, वर पालकांकडून काही घ्यायचे नव्हते. शिवाय कोणत्याही शाळेत व्हाउचरवरची मुले ४९ टक्क्यांहून अधिक असता कामा नयेत, हा नियम फार विचारपूर्वक घातलेला वाटतो. निम्म्याहून अधिक पालक स्वतःच्या खिशातून फी भरून मूल पाठवत असतील, तर ती शाळा सरकारी पैशाच्या लोभाने उघडलेली नाही, याची थोडीफार खात्री त्यातून मिळत होती.

महाराष्ट्रातल्या वाचकाला इथे शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के राखीव जागा आठवतील. दोन्हीकडे सोडत आहे आणि दोन्हीकडे फीची भरपाई सरकार करते. पण आपल्याकडे विनाअनुदानित शाळेवर ते बंधन आहे, तर मिलवॉकीत योजनेत यायचे की नाही हे शाळेने स्वतः ठरवायचे होते. पुढे जे घडले त्यातले बरेचसे या फरकातून समजते.

विरोधही कृष्णवर्णीय समाजातूनच आला. नागरी हक्कांसाठी झगडणाऱ्या एनएएसीपी या संघटनेची मिलवॉकी शाखा शिक्षक संघटनांच्या बरोबरीने न्यायालयात गेली. सरकारी पैसा खासगी शाळांकडे गेला तर वर्णविभागणीच पुन्हा बळावेल, या भीतीला आधार होता. व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड परगण्याने मुलांना एकत्र बसवण्याचा आदेश टाळण्यासाठी १९५९ मध्ये सगळ्या सरकारी शाळांना कुलूप लावले होते. गोऱ्या मुलांसाठी खासगी अकादमी उघडली गेली, तिच्या फीसाठी सरकारी अनुदानही दिले गेले, आणि कृष्णवर्णीय मुले १९६४ पर्यंत, म्हणजे पाच वर्षे, शाळेविना राहिली. सरकारी पैसा खासगी शाळेकडे वळवण्याच्या कल्पनेला अमेरिकेत असा डाग लागलेला होता. विल्यम्स यांना तो ठाऊक नव्हता असे मानण्याचे कारण नाही. तेच साधन आपल्या हाती आले तर ते उलट्या दिशेने वापरता येईल, असा त्यांचा हिशेब होता. मार्च १९९२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी योजना वैध ठरवली.

मुलांचे काय झाले

पहिल्याच वर्षात योजनेतली एक शाळा बंद पडली आणि तिथली मुले वर्ष अर्धवट टाकून सरकारी शाळांत परतली. तो धक्का धरून चाळीस टक्क्यांहून अधिक मुले दुसऱ्या वर्षी योजनेत दिसली नाहीत. गळतीचे हे प्रमाण नंतर कमी झाले, तरी दरवर्षी चौथ्या हिश्श्याहून अधिक मुले बाहेर पडतच राहिली. राज्याने नेमलेले अभ्यासक जॉन विट यांनी पहिली पाच वर्षे सातत्याने पाहणी केली. त्यांना असे आढळले की योजनेत आलेले पालक गरीब असले तरी आया बऱ्यापैकी शिकलेल्या होत्या, आधीच्या सरकारी शाळेवर त्या फार नाराज होत्या आणि नव्या शाळेवर खूश होत्या. गुणांत मात्र सरकारी शाळांतल्या तशाच मुलांपेक्षा ठाम फरक दिसत नव्हता. हार्वर्डचे पॉल पीटरसन आणि सहकाऱ्यांनी तीच आकडेवारी वेगळ्या पद्धतीने तपासून लाभ झाल्याचा निष्कर्ष काढला आणि हा वाद वर्तमानपत्रांपर्यंत गेला.

मला सगळ्यांत मोलाचे वाटते ते प्रिन्स्टनच्या अर्थतज्ज्ञ सिसिलिया राउझ यांचे काम. त्यांनी १९९८ मध्ये दाखवले की व्हाउचरवरच्या मुलांची गणितात दरवर्षी थोडी पण खरी प्रगती होत होती, वाचनात मात्र फरक नव्हता. त्या तिथेच थांबल्या नाहीत. मिलवॉकीच्या काही सरकारी प्राथमिक शाळांना राज्याकडून जास्तीचा निधी मिळत होता आणि तिथल्या वर्गात मुले कमी ठेवली जात होती. राउझ यांनी या शाळांतल्या मुलांची तुलना व्हाउचरच्या मुलांशी केली, तेव्हा गणितात दोघे सारखेच निघाले आणि वाचनात सरकारी शाळांतली मुले पुढे निघाली. शाळेच्या दारावरच्या पाटीपेक्षा वर्गात किती मुले आहेत याने जास्त फरक पडत असावा, असे हे निरीक्षण सुचवते. पण लहान वर्गाच्या बाजूने मोर्चा काढायला कोणताही पक्ष किंवा श्रीमंत प्रतिष्ठान पुढे आले नाही, आणि इतका कामाचा निष्कर्ष वादाच्या धुरळ्यात मागे पडला याचे मला मनापासून वाईट वाटते.

हॉवर्ड फुलर १९९१ मध्ये शहराच्या सरकारी शाळांचे अधीक्षक झाले. व्हाउचरला त्यांचा पाठिंबा होता, पण सरकारी शाळा सुधारण्याचा त्यांचा प्रयत्नही प्रामाणिक होता. दाटीवाटीचे वर्ग कमी करण्यासाठी नव्या इमारती बांधायच्या म्हणून त्यांनी फेब्रुवारी १९९३ मध्ये ३६ कोटी ६० लाख डॉलरच्या कर्जाचा प्रस्ताव जनमतासाठी ठेवला. मतदारांनी तो मोठ्या फरकाने फेटाळला. १९९५ मध्ये मंडळाच्या निवडणुकीत शिक्षक संघटनेने पाठिंबा दिलेले उमेदवार बहुतेक जागांवर निवडून आल्यावर त्यांनी राजीनामा दिला. अधीक्षकपदाचा अनुभव घेऊन बाहेर पडलेला हा माणूस व्हाउचरचा देशभर फिरणारा पुरस्कर्ता झाला, यामागे त्या जनमताचा वाटा मोठा असावा असे मला वाटते.

मर्यादा उठत गेल्या

त्याच वर्षी, १९९५ मध्ये, विधिमंडळाने धार्मिक शाळांना योजनेत घेतले, पटसंख्येची मर्यादा १५ टक्क्यांवर नेली आणि व्हाउचरवरच्या मुलांच्या प्रमाणाची अट काढून टाकली, त्यामुळे शाळेत शंभरातली शंभर मुले सरकारी पैशावर असली तरी चालणार होते. न्यायालयीन लढाईनंतर राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये हा विस्तारही मान्य केला. मुलांची संख्या काही वर्षांतच हजारोंनी वाढली.

कॅथलिक आणि लुथरन पंथांच्या जुन्या, शिस्तीच्या शाळा यामुळे गरीब कृष्णवर्णीय मुलांना खुल्या झाल्या, हा लाभ खरा होता आणि अनेक पालकांनी तो जाणीवपूर्वक घेतला. पण सगळा खर्च सरकार देणार आणि शाळा उघडायला फारशी पात्रता लागणार नाही, अशी स्थिती आल्यावर रिकाम्या दुकानांत आणि कार्यालयांतही शाळा निघाल्या. काही चालकांनी मुलांचे पैसे स्वतःसाठी वापरल्याची प्रकरणे उघडकीस आली. १९९१ ते २०१५ या काळात योजनेत आलेल्या खासगी शाळांपैकी ४१ टक्के शाळा बंद पडल्या, असे नंतरच्या एका अभ्यासात दिसून आले. शाळा बंद पडणे ही बाजाराच्या भाषेत निवडीची स्वाभाविक प्रक्रिया असेल. मधल्या सत्रात नवी शाळा शोधणाऱ्या आईच्या आणि मित्र, शिक्षक, बाक सगळेच एका दिवसात गमावलेल्या मुलाच्या दृष्टीने ती फार महाग पडते. अधिस्वीकृतीची, म्हणजे शाळेच्या दर्जाला बाहेरच्या संस्थेची मान्यता घेण्याची, सक्ती २००५ च्या कायद्याने आली, म्हणजे योजना सुरू झाल्यानंतर पंधरा वर्षांनी.

त्याच कायद्यान्वये २००६ पासून पाच वर्षे दुसरी मोठी पाहणी झाली. त्यात व्हाउचरवर नववीत असलेल्या मुलांनी हायस्कूल पूर्ण करून महाविद्यालयात जाण्याचे प्रमाण सरकारी शाळांतल्या तुलनात्मक गटापेक्षा चार ते सात टक्के-बिंदूंनी अधिक आढळले. ही लहानसहान गोष्ट नाही. गुणांपेक्षा पदवीकडे डोळे लावून बसलेल्या कुटुंबाला हाच आकडा महत्त्वाचा वाटेल. मात्र नववीत व्हाउचरवर असलेल्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुले बारावीपर्यंत खासगी शाळेत टिकली नाहीत, हेही त्याच पाहणीतले आहे. बाहेर पडणाऱ्यांत कृष्णवर्णीय मुले आणि अभ्यासात मागे असलेली मुले अधिक होती, आणि सरकारी शाळेत परतल्यावर त्यांची प्रगती सुधारलेली दिसली. ज्या मुलांच्या नावाने योजना उभी राहिली, त्यांच्यातलाच मोठा गट असा तिच्यातून गळत होता आणि त्यांना सावरून घेत होत्या त्या सरकारी शाळा.

अपंगत्व असलेल्या मुलांचा प्रश्न तर आणखी अवघड होता. सरकारी शाळेवर विशेष शिक्षण देण्याचे जे कायदेशीर बंधन आहे, ते खासगी शाळेत व्हाउचर घेऊन गेल्यावर त्याच स्वरूपात लागू राहत नाही. अशा मुलांना योजनेत प्रत्यक्षात वाव मिळत नसल्याची तक्रार २०११ मध्ये नागरी स्वातंत्र्य आणि अपंग हक्कांसाठी काम करणाऱ्या संघटनांनी केंद्रीय न्याय खात्याकडे नेली. माझ्या मते पालकांनी सर्वांत आधी विचारायला हवा असा प्रश्न हाच आहे: माझ्या मुलाला मदतीची गरज लागली, तर ही शाळा त्याला ठेवून घेईल का? त्याच्या जोडीला आणखी काही गोष्टी पाहाव्या लागतात. वर्गात किती मुले आहेत, शाळा किती वर्षे चालू आहे, कृष्णवर्णीय मुलांना वर्गाबाहेर काढण्याचे प्रमाण काय आहे आणि शिक्षकांत त्यांच्यासारखे दिसणारे कोणी आहे का. या प्रश्नांची उत्तरे दोन्ही प्रकारच्या शाळांत शाळेगणिक बदलतात, आणि मिलवॉकीत प्रत्यक्ष चौकशी न करता केवळ ‘खासगी’ या शब्दावर विसंबलेल्या पालकांना त्याची किंमत मोजावी लागली.

२०११ मध्ये राज्यपाल स्कॉट वॉकर यांच्या काळात उत्पन्नाची मर्यादा दारिद्र्यरेषेच्या तिप्पट करण्यात आली आणि मुलांच्या एकूण संख्येवरची मर्यादाही उठवली गेली. दोन वर्षांनी योजना राज्यभर पसरली. गरिबांसाठी केलेली सोय मध्यमवर्गाकडे सरकत असल्याबद्दल विल्यम्स यांनी जुन्या मित्रपक्षांवर उघड टीका केली, आणि उत्पन्नाची अट पूर्णपणे काढून टाकण्याच्या प्रस्तावाला फुलर यांनीही ठाम विरोध नोंदवला. पण तोवर योजनेची सूत्रे उत्तर भागातल्या पालकांच्या हातून केव्हाच निसटली होती. विल्यम्स जानेवारी २०११ मध्ये, तीस वर्षांनी, विधानसभेतून निवृत्त झाल्या होत्या. नोव्हेंबर २०१४ मध्ये त्यांचे निधन झाले.

फुलर यांनी स्थानिक धर्मगुरूंच्या साथीने २००३ मध्ये उत्तर भागातल्या मुलांसाठी एक हायस्कूल सुरू केले होते. व्हाउचरवर चालणाऱ्या त्या खासगी शाळेचे निकाल मनासारखे लागेनात, तेव्हा २०११ मध्ये तिचे चार्टर शाळेत, म्हणजे सरकारी पैशावर पण स्वायत्तपणे चालणाऱ्या शाळेत, रूपांतर करण्यात आले, म्हणजे ती कायद्याने सरकारी शाळा झाली. मुले त्याच वस्त्यांमधून येत राहिली, आणि आज त्या शाळेला फुलर यांचेच नाव आहे.